अंगठी बोलत का नाही?

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप अलीकडे पालटत चालले आहे. ताप, खोकला, जुलाब ही मंडळी आपापल्या ऋतूप्रमाणे हजेरी लावतातच, पण मुलाला तपासून झाल्यावर, उठता उठता, एखादे पालक पर्समधून अंगठी काढून मेजावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, ही फोनला लागतच नाही हो. काय झाले असेल?" गौलीगुड्यात ही तक्रार एकाच भाषेत येईल, तर ते गौलीगुडा कसले? मराठी आजी म्हणतात, "अंगठी रुसली." तेलुगू बाप "पनि चेयट्लेदु" म्हणून मोकळा होतो. आणि आपल्या दखनी बोलीतली एक आई म्हणाली, "मॅडम, ये अंगूठी फोन कू कुछ बोलतीच नै." मला तिचे निदान सर्वांत नेमके वाटले. अंगठी बिघडली असे ती म्हणाली नाही. बोलत नाही, एवढेच म्हणाली. मूल बोलत नाही म्हणून आणले जाते, तेव्हा आपण प्रथम त्याचे कान तपासतो. या अंगठीच्या बाबतीतही बहुतेक वेळा दोष बोलणाऱ्यात नसतो, ऐकणाऱ्यात असतो.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दिसायला ती साधी अंगठी असते. बहुधा काळ्या किंवा पांढऱ्या सिरॅमिकची, क्वचित राळेची वा धातूची. आत एक अतिसूक्ष्म चिप आणि तिला जोडलेले बारीक तारेचे वेटोळे. सेल नाही, चार्जिंग नाही. फोनच्या पाठीतही असेच वेटोळे असते आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते. मायकेल फॅराडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युतप्रवर्तनाच्या तत्त्वानुसार त्या क्षेत्रात शिरलेल्या अंगठीच्या वेटोळ्यात वीज उपजते. त्या उसन्या विजेवर चिप क्षणभर जागी होते, जवळ असलेला मजकूर सांगते आणि पुन्हा झोपी जाते. या पद्धतीला एनएफसी म्हणतात. नोकिया, फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी २००४ साली एकत्र येऊन तिच्या प्रसारासाठी व नियमनासाठी एक मंच स्थापन केला. आपल्याला ही विद्या अपरिचित नाही. महात्मा गांधी बसस्थानकाच्या मेट्रो स्थानकात आपण कार्ड टेकवून फाटक उघडतो, ते कार्ड याच कुळातले. अंगठीचे वेटोळे मात्र कार्डाच्या मानाने फारच लहान; म्हणून कार्ड जे दोन-चार बोटे अंतरावरूनही ऐकवते, ते अंगठीला अगदी फोनला चिकटून कुजबुजावे लागते.

या अंगठ्यांचे दोन प्रकार आहेत आणि निम्मा गोंधळ हा भेद न कळल्यामुळे होतो. पहिली पैशांची अंगठी. राष्ट्रीय देयक निगमाने २०२१ साली रुपेची 'ऑन-द-गो' योजना जाहीर केली, आणि अंगावर घालण्याच्या वस्तूंतून पैसे देण्याची सोय आता आपल्या देशातही आहे. ही अंगठी दुकानातल्या यंत्राशी बोलते, तुमच्या फोनशी तिला फारसे कर्तव्य नसते आणि तिच्यावर आपल्याला काही लिहिता येत नाही. त्यामुळे "पैसे जातात, पण मजकूर भरता येत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सांगते की ती अंगठी ठणठणीत आहे, अपेक्षा चुकीची आहे. दुसरी कोऱ्या पाटीची अंगठी. तिच्यावर फोनमधून दूरध्वनी क्रमांक, एखादा पत्ता, चार ओळींचा मजकूर लिहून ठेवता येतो. परदेशस्थ काका-मामांकडून नातवंडांना येऊ लागली आहे ती ही. त्यावर मुलाचे नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे भरलेली असतात आणि ते सारे भरून झाल्यावर घरच्यांना हायसे वाटते. त्या हायसे वाटण्याविषयीच मला आज लिहायचे आहे.

माझ्याकडे जन्मापासून येणारा नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी जन्मतःच पुरेसे कॉर्टिसॉल तयार करू शकत नाहीत. रोजच्या गोळ्यांवर तो इतर मुलांसारखाच खेळतो, भांडतो, पतंग उडवतो. पण ताप, उलट्या, अपघात असा ताण शरीरावर आला की त्याला तातडीने वाढीव हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते, आणि तोंडावाटे राहत नसेल तर इंजेक्शन. त्यात विलंब झाला तर रक्तदाब आणि साखर दोन्ही कोसळतात. हे व्यवसायबंधूंना ठाऊक आहे. इतर वाचकांना एवढेच सांगते की अशा मुलाच्या उलट्या म्हणजे साध्या उलट्या नव्हेत. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शाळेची सहल गोळकोंड्याला गेली. बालाहिसारच्या पायऱ्या अर्ध्या चढून झाल्यावर या मुलाला उलट्या सुरू झाल्या, तो पांढराफटक पडून एका पायरीवर बसला. बोटात अंगठी होती. तिच्यावर त्याच्या मामाने रोमन लिपीत आजाराचे नाव, औषध आणि "तातडीने इंजेक्शन द्या" हा मजकूर व्यवस्थित भरलेला होता. वर्गशिक्षिकेला अंगठीची कल्पना होती. त्यांनी आपला फोन टेकवला. काही झाले नाही. बसचालकाने आपला टेकवला. काही झाले नाही. सोबत आलेल्या एका पालक बाईंनी आपला आयफोन टेकवला; तोही गप्प. तिघांनी मिळून त्या बोटावर पंधरा-वीस मिनिटे खटपट केली. शेवटी शिक्षिकेला आठवले की बसमधल्या पिशवीत हजेरीची वही आहे आणि तिच्या पाठपानावर सर्व आयांचे क्रमांक पेनने लिहिलेले आहेत. आईला फोन लागला, आईने औषधाचे नाव उच्चारले, जवळच्या रुग्णालयात ५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मिळाले आणि संध्याकाळपर्यंत स्वारी बिस्किटे मागू लागली. घरच्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून मी हे लिहीत आहे.

पुढच्या आठवड्यात अंगठी माझ्या मेजावर आली आणि "ही टाकून देऊ का?" असा प्रश्न आला. मी ती माझ्या फोनला टेकवली. अक्षरन् अक्षर वाचता आले. अंगठी निर्दोष होती. मग ते तिन्ही फोन गप्प का राहिले? मृत्यूनंतर जशी आपण चिकित्सापरिषद भरवतो तशी, सुदैवाने मृत्यूविना, या प्रकरणाची परिषद मी भरवली. शिक्षिका आणि त्या पालक बाई कुतूहलाने आल्या. बसचालकाच्या फोनची माहिती दूरध्वनीवरूनच मिळाली.

शिक्षिकेच्या फोनच्या कव्हरमध्ये, पाठीमागे, मेट्रोचे कार्ड ठेवलेले होते. आपल्या शहरात निम्मे प्रवासी ते तिथेच ठेवतात असे वाटते. फोन त्या कार्डाला सारखा ओळखू पाहतो आणि पुनःपुन्हा टुंग टुंग करतो. त्या आवाजाला कंटाळून बाईंनी कधीतरी फोनमधले एनएफसी बंद करून टाकले होते आणि ते बंद केल्याचे विसरूनही गेल्या होत्या. ते सुरू असते तरी मध्ये कार्ड असल्याने अंगठीचा आवाज दबलाच असता. दोन मुले एकाच वेळी बोलू लागली की मोठ्याचे ऐकू येते, तसे. बसचालकाचा फोन चांगला नवा होता, परंतु त्यात एनएफसी नव्हतेच. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कमी किमतीच्या कितीतरी फोनांत ते नसते आणि बाहेरून पाहून कळत नाही. तिसरा फोन सर्वांत उद्बोधक. आयफोनमध्ये वेगळे ॲप न उघडता असा मजकूर वाचण्याची सोय २०१८ च्या मॉडेलांपासून आली. बाईंचा फोन त्याहून बराच नवा होता, सोय चालू होती, अंगठीही बरोबर जागी टेकवली होती. पण आयफोन स्वतःहून फक्त दुवे ओळखतो. म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, संदेशाचा क्रमांक असे काही असेल तर सूचना दाखवतो. नुसता साधा मजकूर असेल तर, खास ॲप उघडल्याखेरीज, ढिम्म हालत नाही. मामाने मजकूर भरला होता अँड्रॉईड फोनवरून आणि तपासलाही अँड्रॉईडवर. त्याच्या घरी ती अंगठी नेहमी बोलत असे.

एक अंगठी, तीन फोन, तीन निरनिराळी कारणे. अशा वेळी "अंगठीच खराब" हे निदान म्हणजे ताप दिसला की टायफॉईड म्हणण्यासारखे आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता जो क्रम सांगते तो इथे नोंदवते. आधी इतिहास घ्यावा. फोन कोणता, त्यात एनएफसी आहे का, सेटिंगमध्ये ते सुरू आहे का, पूर्वी ही अंगठी कधी वाचली गेली होती का, आणि तेव्हापासून काय बदलले? नवे कव्हर घेतले का? गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी फोनच्या पाठीला लोखंडी चकती चिकटवली का? ही चकती हा फार मोठा गुन्हेगार आहे. धातू मध्ये आला की चुंबकीय क्षेत्र त्यातच गुरफटते आणि अंगठीपर्यंत पोहोचत नाही. कव्हर काढा, चकती काढा, कार्ड काढा, फोन उघडून पडदा जागा ठेवा. बहुतेक अँड्रॉईड फोन झोपलेल्या किंवा कुलूपबंद अवस्थेत अंगठीची दखल घेत नाहीत. आयफोनवर कॅमेरा चालू असेल तरी तो दुर्लक्ष करतो.

मग तपासणी. स्टेथोस्कोप पाठीवर कुठेही ठेवून चालत नाही, तसेच हे. आयफोनचा कान त्याच्या वरच्या कडेला असतो. अँड्रॉईड फोनांत बहुधा पाठीवर, कॅमेऱ्याजवळ किंवा मध्यभागी. लोक अंगठी फोनच्या पडद्यावर आपटतात, किंवा घाईने फिरवून काढून घेतात. कव्हर काढलेल्या पाठीवर अंगठी टेकवून अर्ध्या अर्ध्या बोटाने सरकवावी आणि प्रत्येक जागी दोन सेकंद थांबावे. अंगठीची बाजूही महत्त्वाची. काही अंगठ्यांत वेटोळे एका छोट्या पट्टीसारखे एकाच बाजूला बसवलेले असते. ती बाजू तळव्याकडे फिरली असेल तर बोटाच्या पाठीने फोन कितीही थोपटला तरी उपयोग नाही. काहींत तार बोटाभोवती पूर्ण गुंडाळलेली असते. अशी अंगठी बोटातून काढून मेजावर आडवी ठेवावी आणि वर फोन सपाट धरावा, म्हणजे दोन्ही वेटोळी समोरासमोर येतात. शेजारच्या बोटातली सोन्याची अंगठीही आडवी येते. आपल्या समाजात नवरत्नांची, पोवळ्याची, पुष्कराजाची भरगच्च सोबत असते. ग्रहांची शांती होते की नाही यावर मी मत देणार नाही, पण अंगठीचा आवाज मात्र शांत होतो.

आणि शेवटी तुलना, जी आपण डॉक्टर मंडळीही घाईत विसरतो. तोच फोन दुसऱ्या वस्तूवर लावून पाहावा आणि तीच अंगठी दुसऱ्या फोनवर. अँड्रॉईड फोन बँकेच्या संपर्कविरहित कार्डाला प्रतिसाद देत असेल, तर फोनचे कान शाबूत आहेत. अंगठी दुसऱ्या दोन फोनांवर वाचली गेली, तर अंगठी शाबूत आहे. दोन्ही शाबूत असून संवाद होत नसेल तर भाषा तपासावी, म्हणजे भरलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. एनएफसी एकदा बंद करून सुरू करणे, फोन बंद करून पुन्हा चालू करणे हे आपल्या पॅरासिटामॉलसारखे. अपाय नाही, कधी कधी गुण येतो. खरोखर मेलेली अंगठीही असते, नाही असे नाही. तडा गेलेली, किंवा फोनच्या बिनतारी चार्जरवर राहून गेलेली. त्या चार्जरचे क्षेत्र अशा नाजूक चिपला सोसत नाही. मात्र असे रुग्ण माझ्याकडे फार थोडे आले.

भाषेचा उल्लेख आला म्हणून एक गमतीची, पण मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट सांगते. वर सांगितलेल्या मुलाच्या आजींचा आग्रह होता की मजकूर मराठीत असावा. तो अंगठीत मावेना. या अंगठ्यांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या चिपांपैकी सर्वांत लहान चिपमध्ये वापरण्याजोगी जागा १४४ बाइट असते, मधल्या चिपमध्ये ५०४ आणि मोठ्या चिपमध्ये ८८८. रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्तालाही तीन तीन लागतात. नुसता 'रक्तगट' हा शब्द लिहिला की १८ बाइट संपतात. लहान अंगठीत जेमतेम पन्नासेक चिन्हांचे मराठी बसते. आजींना मी म्हटले, जागेचे जाऊ द्या, आपल्या शहरात तुमच्या नातवाला उचलायला जो कोणी धावेल, त्याला मराठी येत असेलच असे नाही. तेलुगू, उर्दू, इंग्रजी यांपैकी काहीतरी नक्की येत असेल. आजींना ते पटले, परंतु आवडले नाही.

आता मतप्रदर्शन. आपल्या मंडळापुढे एका दात्याच्या साहाय्याने शाळकरी मुलांना आरोग्यमाहितीच्या अशा अंगठ्या वाटण्याचा प्रस्ताव आलेला आहे. दात्याचा हेतू उदात्त आहे, रक्कमही उदार आहे. तरीसुद्धा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिले कारण गोळकोंड्याच्या पायऱ्यांवर दिसलेच. ज्या माहितीवर प्राण अवलंबून आहे, ती डोळ्यांनी वाचता आलीच पाहिजे. १०८ ची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी याच शहरातून सुरू झाली. तिच्यात बसून येणारा तंत्रज्ञ हातमोजे घालून श्वास पाहतो, नाडी पाहतो, साखर तपासतो. बोटातल्या काळ्या अंगठीला फोन लावून पाहावा हे त्याला कोणी शिकवलेले नाही आणि त्या क्षणी त्याने ते करू नये असेच मी म्हणेन. पण मनगटावरच्या पट्टीवर कोरलेले 'पेनिसिलीन नको' हे दोन शब्द त्याच्या नजरेतून सुटणार नाहीत. अंगठी द्यायचीच तर तिच्यात मजकूर न भरता आईचा दूरध्वनी क्रमांक दुव्याच्या स्वरूपात भरावा. त्याला अगदी थोडी जागा पुरते, अँड्रॉईड आणि आयफोन दोघेही तो ओळखतात, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि क्रमांक बदलला तर अंगठी पुन्हा लिहिता येते. काही विक्रेते स्वतःच्या संकेतस्थळाचा दुवा भरून देतात आणि माहिती तिथे साठवतात. अंगठीतल्या चिपचा मजकूर टिकण्याची हमी निर्माते दहा वर्षांची देतात. ते संकेतस्थळ दहा वर्षे टिकेल याची हमी कोण देणार? माझ्याकडे अशी एक अंगठी आली होती. ती उत्तम बोलत होती, पण ज्या पत्त्यावर पाठवत होती तिथे कोणी राहत नव्हते. तिचा विक्रेता धंदा गुंडाळून गेला होता.

दुसरे कारण मुलाच्या बोटाचे आहे. मुलाचे बोट वाढते, अंगठी वाढत नाही. जूनमध्ये सैल असलेली अंगठी मार्चमध्ये रुतते, त्यात खेळताना बोट सुजले की ती निघत नाही. सोन्या-चांदीची अंगठी आपण करवतीने कापतो; सिरॅमिकची कापली जात नाही, पकडीने आवळून फोडावी लागते. हे आपल्यापैकी किती तातडीच्या कक्षांतल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे? बोटाला दोरा घट्ट गुंडाळून त्यावरून अंगठी सरकवत काढण्याची जुनी युक्ती आधी करून पाहावी, हेही नव्या मुलामुलींना सांगावे लागते. तीन वर्षांखालच्या बाळाच्या हाती पडलेली अंगठी बोटात न जाता तोंडात जाते. दहा वर्षांखालच्या मुलाला अंगठी देऊ नये, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी ती उतरवायची, हे तर सर्वांनाच लागू. आणि हजेरीच्या सोयीसाठी ही अंगठी घालून वॉर्डात फिरणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांना एक प्रश्न: हात धुताना अंगठीखालची त्वचा धुतली जाते का? इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २००७ साली कोपराखाली काही घालू नये हा दंडक आणला, तो उगीच नव्हे.

तिसरे कारण नाजूक आहे. अंगठी कोणालाही वाचू देते. बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही, मुद्दाम फोन जवळ आणला तर. अपस्मार, थॅलेसेमिया, एचआयव्ही ही नावे मुलाच्या बोटावर फिरत असतील तर ती कोणाकोणाच्या कानावर जातील, आणि पुढे त्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी कोण काय बोलेल, याचा विचार आपल्यासारख्या, सर्वांना सर्व माहीत असलेल्या समाजाने तरी करायला हवा. शिवाय अंगठी लिहिण्यासाठी उघडी ठेवली असेल तर वर्गातला एखादा खट्याळ मुलगा रक्तगट बदलून ठेवू शकतो. कायमची बंद केली तर औषध बदलल्यावर जुनेच नाव मिरवत राहते. संकेतशब्दाने संरक्षण देता येते, पण मग तो संकेतशब्द कोण जपणार? रक्तगटाविषयी तर कोणताही शहाणा डॉक्टर अंगठीवर विसंबून रक्त चढवत नाही, तो जुळवणी करूनच चढवतो. मग तो भरण्यासाठी एवढी धडपड कशाला, हे मला आजवर कळलेले नाही.

इतके लिहिल्यावर मी या विद्येच्या विरोधात आहे असा ग्रह होईल. तसे मुळीच नाही. मधुमेही मुलांच्या दंडावर चौदा दिवस राहणारा जो साखर मोजणारा संवेदक असतो, त्याच्या एका प्रकारात फोन टेकवून आकडा वाचायचा तो याच पद्धतीने. बोटाला दिवसातून चार-सहा वेळा टोचण्याच्या यातनेतून त्याने लेकरांना सोडवले आहे. पण तिथेही फोन गप्प राहिला की वर सांगितलेलीच कारणे शोधावी लागतात, आणि ती शोधत असताना मूल घामाघूम झाले असेल तर फोन बाजूला ठेवून जुन्या ग्लुकोमीटरने बोट टोचावेच लागते. एका वडिलांना मी हे दोनदा लिहून दिले. त्यांचा फोन बदलला होता, नव्यात एनएफसी नव्हते, आणि दोन दिवस मुलाची साखर घरात कोणालाच माहीत नव्हती.

मंडळाला माझी सूचना अशी. देणगीचा मोठा भाग छापील पट्ट्यांवर आणि कार्डांवर खर्च व्हावा: मनगटावर कोरलेली पट्टी आणि दप्तरात प्लॅस्टिकमध्ये बंद केलेले, तेलुगू, उर्दू व इंग्रजीतले कार्ड. आपल्या आजी-आजोबांसाठी त्याची एक मराठी प्रत घरात, शीतकपाटाच्या दारावर. अंगठी ज्यांना हवी त्या दहा वर्षांवरील मुलांना द्यावी, फक्त दूरध्वनी क्रमांक भरून, आणि देतानाच निरनिराळ्या पाच फोनांवर तपासून. त्यांत एक तरी आयफोन असावा. दर सहा महिन्यांनी बोटाचे माप, क्रमांक आणि अंगठीचा आवाज पुन्हा पाहावा, जसे आपण लसीकरणाच्या तारखा पाहतो. ज्यांच्या घरी आज अशा अंगठ्या आहेत, त्यांनी पुढील आरोग्यशिबिरात त्या घेऊन यावे. आमच्यापैकी दोघे-तिघे कोपऱ्यात मेज टाकून बसू. येताना घरातले सगळे फोन आणावेत, वाचणारे आणि न वाचणारेही, आणि मेट्रोचे कार्ड कव्हरमधून काढून खिशात ठेवावे.